उच्चस्तरीय भूमिकाखेळ

टेबलाभोवती बसून, परस्परसंवादाच्या द्वारे व फाशांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांत पात्रांचे सामर्थ्य सामान्य मानवी मर्यादेपलीकडे गेल्यानंतरचा टप्पा आणि त्या टप्प्यावर खेळ चालविण्याची पद्धती. या खेळप्रकाराचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत झाला. पात्राची सत्ता जसजशी वाढत जाते, तसतसा खेळ सोपा न होता चालविण्यास अधिकाधिक बिकट होत जातो, असा अनुभव प्रारंभापासूनच आला. गेल्या पन्नास वर्षांत या अडचणीवर अनेक उपाय सुचविण्यात आले. या उपायांचा इतिहास म्हणजे सामर्थ्यवान नायकाची कथा रंगतदार कशी ठेवावी, या जुन्या वाङ्‌मयीन प्रश्नाचाच एक नवा अध्याय होय. नासिकच्या पंचवटीशी परंपरेने निगडित असलेले रामायणातील कथानक आणि त्या परिसरातील बोहाड्याची प्रथा यांच्या आधारे मराठी वाचकास हा प्रश्न सहज ध्यानी येऊ शकतो.

स्वरूप : या खेळात चार ते सहा खेळाडू प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात. आणखी एक जण खेळ चालवितो. त्यास येथे सूत्रधार म्हटले आहे. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात आणि कृतीचे यश अनिश्चित असेल, तेथे फासा टाकून निर्णय होतो. नायकांखेरीज इतर सर्व पात्रे—शत्रू, राजे, गावकरी, देवदेवता—सूत्रधाराकडे असतात. हा खेळ एका बैठकीत संपत नाही. तीच पात्रे घेऊन आठवड्यामागून आठवडे खेळ चालू राहतो व काही मंडळींचा एकच कथाक्रम अनेक वर्षे चालतो. अशा दीर्घ कथाक्रमास मोहीम म्हणतात. मोहिमेत मिळालेल्या यशाबद्दल पात्रास अनुभवगुण मिळतात आणि ठरावीक गुण साठले की त्याचा ‘स्तर’ एकाने वाढतो. स्तर वाढला की पात्र अधिक आघात सोसू शकते, त्याचा प्रहार अधिक अचूक होतो व मांत्रिक असल्यास त्यास नवे मंत्र वापरता येतात.

प्रथम स्तरावरील पात्र एखाद्या भुयारातील क्षुद्र शत्रूच्या एका घावानेही मरू शकते. वीसाव्या स्तरावरील पात्र मात्र महाकाय पंखधारी सर्पाशी झुंज घेते, क्षणात दुसऱ्या खंडात पोहोचते आणि मृतास जिवंत करते. साधारणपणे नवव्या स्तरापासून पुढे ‘उच्च स्तर’ मानण्याचा प्रघात पडला आहे. त्यास एक तांत्रिक कारण आहे. मूळ खेळाच्या बहुतेक आवृत्त्यांत या सुमारास दूर अंतरावर तत्काळ जाण्याचा, मृतास उठविण्याचा व दैवी शक्तींस प्रश्न विचारून उत्तर मिळविण्याचा, असे तीन मंत्र पात्रांच्या हाती येतात. अंतर, मृत्यू व अज्ञान हे साहसकथेतील तीन नेहमीचे अडथळे होत. हे तिन्ही एकदमच दूर झाले, म्हणजे प्रवास, धोका व रहस्य यांवर उभारलेली कथा कोलमडते.

पूर्वपीठिका : पंचाच्या निर्णयानुसार चालणाऱ्या खेळाची परंपरा युद्धखेळापर्यंत मागे जाते. प्रशियन सेनाधिकारी गेओर्ग फोन राइसविट्झ याने १८२४ मध्ये लष्करी शिक्षणासाठी जो युद्धखेळ सिद्ध केला, त्यात दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून परिणाम ठरविणारा पंच असे. पुढे १८७६ मध्ये युलिउस फोन फेर्डी द्यू व्हेर्न्वा याने नियमांचे जंजाळ कमी करून पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयास अधिक वाव दिला. नियम श्रेष्ठ की पंचाचा विवेक श्रेष्ठ, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि उच्चस्तरीय भूमिकाखेळात तोच पुन्हा नव्याने उभा राहिला.

भारतीय परंपरेत याचे थेट पूर्वरूप नाही. तथापि दोन गोष्टी त्याच्या निकटच्या म्हणता येतील. महाराष्ट्रात प्रचलित असलेला मोक्षपट हा स्तरांचा खेळ होय. त्याचे जनकत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले जाते. उपलब्ध पट मात्र उत्तरकालीन आहेत. शिडी हे सद्‌गुणांचे व साप हे दुर्गुणांचे प्रतीक मानून खेळणारा वैकुंठाकडे वर वर चढतो. परंतु शिखराच्या निकट गेलेल्यासही अधःपाताचे भय असतेच. चढणाऱ्याची निवड त्यात नसते. त्याची गती दानावर अवलंबून असते. दुसरी गोष्ट म्हणजे बोहाडा. नासिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी भागात आणि लगतच्या जव्हार-मोखाडा परिसरात (२०१४ पासून पालघर जिल्हा) रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात देवदैत्यांचे मुखवटे धारण करून सोंगे नाचविली जातात. प्रारंभी गणपती व सरस्वती यांची सोंगे येतात आणि त्यानंतर रामायण, महाभारत व पुराणे यांतील पात्रे येतात. अनेक गावांत विशिष्ट सोंग घेण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. येथे सामान्य शेतकरी काही काळ देव किंवा दैत्य होतो. मात्र युद्धाचा शेवट पूर्वीच ठरलेला असल्याने देवाच्या सामर्थ्याचे मोजमाप करण्याची गरज पडत नाही. मोक्षपटात मोजमाप आहे पण निवड नाही आणि बोहाड्यात भूमिका आहे पण अनिश्चितता नाही. भूमिका, निवड, मोजमाप व अनिश्चितता या चारही गोष्टी आधुनिक भूमिकाखेळाने एकत्र आणल्या आणि त्यामुळेच देवतुल्य पात्र हाताळण्याचा प्रश्न त्यात प्रथमच निकडीचा झाला.

उगम : मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेसली याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ चालविला. त्यात खेळाडूंनी सैन्यांऐवजी व्यक्तींच्या भूमिका घेतल्या. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) याने या कल्पनेस अद्भुताची जोड देऊन ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम सुरू केली. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) याने जेफ पेरेन याच्या सहकार्याने ‘चेनमेल’ हे युद्धखेळाचे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्याच्या अद्भुतविषयक पुरवणीत ‘वीर’ हा चार सैनिकांच्या व ‘महावीर’ हा आठ सैनिकांच्या बरोबरीचा धरला होता. स्तराच्या कल्पनेचे बीज येथे आढळते. गायगॅक्स व आर्नसन यांनी मिळून रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या रूपाने प्रकाशित केला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती. योद्ध्याच्या चौथ्या व आठव्या स्तरांना याही खेळात ‘वीर’ व ‘महावीर’ अशीच नावे होती.

स्तरांना तत्त्वतः वरची मर्यादा नाही, असे या पुस्तिकांत नमूद केले होते. मात्र नवव्या स्तराच्या आसपास पात्राचे जीवनच बदलावे अशी योजना होती. या स्तरास पोहोचलेल्या योद्ध्यास सरदारकीचे नाव मिळे, त्याने रानटी प्रदेश मोकळा करून किल्ला बांधावा, वसाहतीकडून कर घ्यावा व सैन्य बाळगावे, अशी अपेक्षा होती. भुयारात हिंडणारा साहसी येथे प्रदेशाचा स्वामी होई. आर्नसन व गायगॅक्स हे दोघेही युद्धखेळातून आलेले असल्याने वाढलेल्या सत्तेचे स्वाभाविक पर्यवसान राज्यकारभारात व लढायांत होईल, अशी त्यांची धारणा होती. परंतु हा खेळ ज्या हजारो तरुणांच्या हाती गेला, त्यांपैकी बहुतेकांना युद्धखेळाचा अनुभव नव्हता. त्यांना किल्ल्याचा हिशेब ठेवण्यापेक्षा आणखी खोल भुयारात, आणखी मोठ्या शत्रूकडे जाण्यात अधिक रस होता. उच्च स्तरावरील खेळाची पहिली फूट येथे पडली.

सामर्थ्याची महागाई : १९७५ मध्ये निघालेल्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने मांत्रिकाच्या मंत्रांची श्रेणी सहावरून नऊवर नेली. नवव्या श्रेणीत वाटेल ती इच्छा पूर्ण करणारा मंत्र होता. वर देणाऱ्यापुढे जी अडचण पुराणांत उभी राहते, तीच आता सूत्रधारापुढे उभी राहिली. हिरण्यकशिपूने मागितलेला वर शब्दशः पाळूनही नरसिंहाला वाट सापडते, ती वराच्या शब्दांतील फटीतून. भूमिकाखेळातही इच्छेची वाक्यरचना तपासून तिच्यातील फट शोधणे हा सूत्रधाराचा नेहमीचा बचाव झाला व खेळाडू वकिलाच्या काटेकोरपणाने इच्छा लिहून आणू लागले. या चढाओढीत चातुर्य होते. पण परस्परविश्वास कमी होत गेला.

दुसरीकडे काही सूत्रधार खेळाडूंना खूश ठेवण्यासाठी सढळ हाताने संपत्ती व जादूची शस्त्रे वाटत. अल्पावधीतच चाळीसाव्या स्तराच्या पुढे गेलेली पात्रे दिसू लागली. १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड यांनी सिद्ध केलेल्या ‘गॉड्स, डेमि-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीत विविध पुराणकथांतील देवांची बलाबले आकड्यांत दिली होती. देवांची बले अशी मर्यादित दिसली म्हणजे त्यांच्याहून वरचढ ठरणारी पात्रे किती हास्यास्पद आहेत हे पटेल, असा हेतू संपादक टिम कास्क याने प्रस्तावनेत सांगितला. परिणाम बव्हंशी उलट झाला. ज्याचे बल आकड्यांत दिले आहे, त्याचा वध शक्य आहे असे खेळाडूंनी मानले आणि देवांची यादी ही शत्रूंची यादी झाली.

या ग्रंथात भारतीय देवतांचाही समावेश होता. १९८० च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या विस्तारित ग्रंथातही इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू, काली इ. देवता आकड्यांसह दिलेल्या आढळतात आणि १९९० च्या ‘लेजंड्स अँड लोअर’ मध्येही भारतीय विभाग होता. ज्या देवतांची नित्य उपासना चालू आहे त्यांना ग्रीक किंवा ईजिप्शियन देवतांच्या पंक्तीस बसविणे औचित्यास धरून नव्हते. २००२ च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ मध्ये आणि २०१४ च्या मूळ नियमग्रंथाच्या परिशिष्टात भारतीय देवमंडळ आढळत नाही. श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी या प्रकारात एक कलादृष्ट्या चूकही होती : देवत्व म्हणजे अधिक मोठा आकडा, असे त्यात गृहीत धरले होते.

गायगॅक्सने अन्य मार्गही चोखाळला. स्वतःच्या मोहिमेतील कसलेल्या खेळाडूंना जेरीस आणण्यासाठी त्याने ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही साहसपुस्तिका रचली. ती १९७५ मध्ये ओरिजिन्स या खेळमेळाव्यात खेळविण्यात आली व १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शत्रूंशी झुंजण्याचे प्रसंग थोडे असून सापळे व कोडी पुष्कळ आहेत. पात्राचे बळ कितीही असले, तरी खेळाडूने स्वतःचे डोके चालविले नाही तर पात्र मरते. १९७८ मध्येच आलेल्या राक्षसराजांविषयीच्या तीन व पाताळातील काळ्या एल्फांविषयीच्या तीन पुस्तिका आणि १९८० मधील ‘क्वीन ऑफ द डेमनवेब पिट्स’ यांनी साखळी पूर्ण केली. त्यांत नायक स्थानिक आक्रमणाच्या मुळाशी जाता जाता अखेर परलोकातील दुष्ट देवतेच्या दारी पोहोचतात. शत्रूमागे शत्रू उलगडत जाणे, हे तंत्र पुढे रूढ झाले.

‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ च्या १९७८ मधील खेळाडूंच्या नियमग्रंथात आणखी एक उपाय आढळतो. द्रुइड वर्गाच्या बाराव्या स्तरावर नऊ, तेराव्यावर तीन आणि चौदाव्यावर एकच व्यक्ती असू शकते. वर चढू पाहणाऱ्याने त्या जागी असलेल्यास द्वंद्वात हरविले पाहिजे. उच्च पद ही गुणांची बेरीज नसून समाजातील एक जागा आहे व ती आधीच कोणाकडे तरी आहे, हे यातून सूचित होते.

राज्य व अमरत्व : फ्रँक मेंट्झर याने संपादित केलेल्या संचांत उच्च स्तराची सर्वांत सुसंगत मांडणी झाली. १९८३ मध्ये पहिल्या तीन स्तरांचा प्राथमिक संच व चौथ्यापासून चौदाव्या स्तरापर्यंतचा दुसरा संच निघाला. १९८४ मध्ये पंधरा ते पंचवीस, १९८५ मध्ये सव्वीस ते छत्तीस या स्तरांचे संच आणि १९८६ मध्ये अमरांचा संच प्रसिद्ध झाला. १९८४ च्या संचात जहागिरीचे उत्पन्न, प्रजेचा विश्वास, सणसमारंभ, आपत्ती यांचे नियम असून मोठ्या सैन्यांच्या लढाईचा निकाल थोडक्या गणिताने लावण्याची सोय आहे. १९८५ च्या संचात मर्त्य पात्रास अमरत्व मिळविण्याचे चार मार्ग दिले आहेत. त्यांपैकी एकात राजवंशाची स्थापना करावी लागते. अमरत्वासाठी केवळ बळ पुरत नाही, तर काळावर टिकणारे काही निर्माण करावे लागते, ही कल्पना येथे नियमांच्या रूपाने आली. नवव्या स्तरापाशी १९७४ मध्ये जे राज्य अपेक्षिलेले होते, त्याला दहा वर्षांनी व्यवस्थित घडण मिळाली.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरण म्हणजे १९८८ मधील ‘थ्रोन ऑफ ब्लडस्टोन’. डग्लस नाइल्स व मायकल डॉब्सन यांची ही साहसपुस्तिका अठराव्यापासून शंभराव्या स्तरापर्यंतच्या पात्रांसाठी होती. एवढ्या पल्ल्यात कोणतेही आव्हान सर्वांना सारखेच कठीण ठेवणे अशक्यप्राय असते. आकड्यांच्या वाढीस अंत नाही पण अर्थास आहे, हे तीवरून ध्यानी येते.

गणिताचा प्रश्न : १९९५ मध्ये स्किप विल्यम्स याने केवळ उच्च स्तरावरील मोहिमांसाठी एक ग्रंथ लिहिला. सूत्रधाराने सर्वस्वी फाशांवर विसंबू नये, शत्रूंना बुद्धिमानपणे वागवावे, जादूवर नियंत्रण ठेवावे, अशी बलाढ्य माणसे जगात किती असतील याचे भान राखावे, मोठ्या पटावर विचार करावा, आधी योजना करावी व खेळाडूंनाही जबाबदारीत सहभागी करून घ्यावे, असा उपदेश त्यात आहे. नियमांकडून संचालनाकडे लक्ष वळविणारे हे महत्त्वाचे पाऊल होते.

विझर्ड्स ऑफ द कोस्ट या संस्थेने १९९७ मध्ये मूळ प्रकाशनसंस्था विकत घेतली व २००० मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती काढली. तीत सर्व कृतींसाठी वीस पृष्ठांचा फासा हे समान साधन झाले. या फाशावर एका अंकाची भर म्हणजे यशाच्या शक्यतेत पाच टक्क्यांची भर होय. वीसाव्या स्तरावर योद्ध्यास प्रहारासाठी वीसची मूळ भर मिळे, तर मांत्रिकास दहाची. शस्त्रे व मंत्र यांमुळे हे अंतर आणखी रुंदावे. दोन पात्रांच्या भरींतील अंतर फाशाच्या पल्ल्याइतके झाले, की एकास जे अपयश अशक्य तेच दुसऱ्यास अटळ होते व फासा टाकणे हा निव्वळ उपचार उरतो. २००२ मध्ये वीसाव्या स्तरापुढील खेळाचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. त्यात वीसाव्या स्तरानंतर सर्व वर्गांची मूळ भर सारख्याच गतीने वाढावी असा नियम करून हे अंतर आणखी वाढू न देण्याचा प्रयत्न केला गेला. याच दशकात काही खेळाडूंनी सहाव्या स्तरानंतर वाढच थांबवावी, असा उलट तोडगाही काढला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत एक ते तीस स्तरांचे दहा-दहांचे तीन टप्पे केले गेले. एकविसाव्या स्तरावर खेळाडू पात्राची अंतिम नियती निवडतो व तिसाव्या स्तरावर ती पूर्ण होऊन पात्राची कथा समाप्त होते. मोहिमेस शेवट असावा, हे नियमांतच सांगणारी ही योजना होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने स्तर पुन्हा वीसवर आणले. प्रावीण्याची भर पहिल्या स्तरास दोन व सतराव्यापासून पुढे सहा एवढीच ठेवली, त्यामुळे सामान्य सैनिकांचा मोठा जमावही बलाढ्य नायकास काही अंशी धोकादायक राहतो. या आवृत्तीत चार टप्पे मानले आहेत. पहिल्यात पात्रे गावाचे, दुसऱ्यात राज्याचे, तिसऱ्यात खंडांचे व चौथ्यात समग्र जगाचे भवितव्य हाताळतात. तथापि प्रसिद्ध झालेल्या बहुतेक मोहिमा पंधराव्या स्तराच्या आतच संपतात. ‘डंजन ऑफ द मॅड मेज’ (२०१८, पाच ते वीस स्तर) व ‘व्हेक्ना : ईव्ह ऑफ रुइन’ (२०२४, दहा ते वीस स्तर) हे अपवाद होत.

संचालनाची तत्त्वे : वरील इतिहासावरून असे दिसते, की उच्च स्तरावर खेळाचा मूलभूत प्रश्न बदलतो. आरंभी ‘हे जमेल का ?’ असा प्रश्न असतो. पुढे तो ‘हे करावे का?’ असा होतो. हे बदलणे ज्या सूत्रधारास उमगत नाही, तो शत्रूचे बळ वाढवीत राहतो किंवा पात्रांची सामर्थ्ये निष्प्रभ करणाऱ्या जागा रचतो. पहिल्या उपायाने आकडे फुगतात व लढाया लांबतात. दुसऱ्याने खेळाडूने अनेक वर्षांत कमावलेली गोष्ट ऐनवेळी हिरावली जाते व त्याला ती फसवणूक वाटते.

पंचवटीतील कथानक या दृष्टीने उद्‌बोधक आहे. शूर्पणखेच्या विटंबनेनंतर खर, दूषण व त्रिशिरा यांच्यासह १४,००० राक्षस चालून येतात व राम एकटा त्यांचा संहार करतो, असे वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात वर्णन आहे. रामाचे बळ येथे निर्विवाद सिद्ध झाले. यानंतर कवीने अठ्ठावीस हजार राक्षस पाठविले असते, तर कथेत काहीच भर पडली नसती. त्याऐवजी मारीच सुवर्णमृगाचे रूप घेऊन येतो. रामाचे बळ कोठेही कमी केलेले नाही. त्याचा बाण अचूक लागतोही. परंतु ते बळ नको त्या जागी खर्च होते. पत्नीचा हट्ट पुरवावा की सावध राहावे, असा रामापुढे, आणि भावाची हाक ऐकून जावे की त्याची आज्ञा पाळून थांबावे, असा लक्ष्मणापुढे प्रश्न उभा राहतो. यांपैकी कोणताही प्रश्न धनुष्याने सुटणारा नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असता येत नाही, ही मर्यादा सर्वांत बलवान नायकासही असते. उच्चस्तरीय खेळाचे बहुतेक यशस्वी प्रसंग याच साच्याचे असतात : दोन नगरांवर एकाच वेळी संकट, शत्रूच्या हाती असलेले निरपराध लोक, परस्परविरोधी दिलेली वचने.

याच कथेतून दुसरे तत्त्वही मिळते. मृग पाहताच हे मारीचाचे कपट असावे, असा संशय लक्ष्मण बोलून दाखवितो. म्हणजे फसगतीची खूण आधीच दिलेली आहे. भूमिकाखेळात हे अधिकच आवश्यक असते. महाकाव्यातील घटनाक्रम कवीने ठरविलेला असतो. खेळात मात्र खेळाडूंनी त्या संशयावरून मृगाच्या मागे न जाण्याचे ठरविले, तर सूत्रधाराने ते मान्य करून पुढील कथा त्यानुसार घडू दिली पाहिजे. खेळाडूंच्या निवडीस अर्थ नसेल, तर त्यांच्या पात्रांचे सामर्थ्यही निरर्थक ठरते.

तिसरे तत्त्व शत्रूच्या ज्ञानाविषयी आहे. रामाच्या बाणाचा अनुभव पूर्वी घेतलेला मारीच रावणास परावृत्त करू पाहतो. बलाढ्य नायकांची कीर्ती पसरलेली असते व त्यांचे शत्रू समोरासमोर येत नाहीत. दूरगमन, भविष्यज्ञान व पुनरुज्जीवन या सामर्थ्यांवर बंदी घालण्याऐवजी ती शत्रूसही ठाऊक आहेत व त्याच्यापाशीही आहेत, हे धरून योजना करणे श्रेयस्कर असते. त्यामुळे पात्राचे सामर्थ्य वाया जात नाही आणि शत्रूही निर्बुद्ध ठरत नाही.

चौथे तत्त्व परिणामांचे. नायकाने जिंकलेला प्रदेश, त्याच्या आश्रयास आलेली माणसे, त्याने मारलेल्या राजाचे वारस, त्याने दिलेली अभयवचने या सर्वांची नोंद सूत्रधाराने ठेवावी. प्रथम स्तरापासून चालत आलेल्या मोहिमेत अशी सामग्री विपुल असते व तीच उच्च स्तरावरील कथेचे खरे भांडवल होय. बाराव्या स्तरावर राज्य मिळालेल्या पात्रास दुष्काळात कोठाराचे दार कोणासाठी उघडावे हे ठरवावे लागते. त्या निर्णयाला फासा लागत नाही, पण बैठकीत तोच सर्वांत दीर्घकाळ चर्चिला जातो.

मर्यादा : उच्च स्तरावर एका पात्रास उपलब्ध असणाऱ्या पर्यायांची संख्या मोठी असल्याने एकाच लढाईत संपूर्ण बैठक संपते. मांत्रिकाचे पर्याय योद्ध्याच्या मानाने फार झपाट्याने वाढत असल्याने काही खेळाडू प्रेक्षक होऊन बसतात. सूत्रधाराचे पूर्वतयारीचे श्रमही वाढतात. त्यामुळे राज्यकारभार, शत्रुपक्षाच्या हालचाली किंवा लढाईचा हिशेब यांपैकी काही कामे खेळाडूंकडे सोपविणे इष्ट ठरते. याखेरीज शिक्षण, नोकरी व संसार यांमुळे मंडळी पांगतात व अनेक मोहिमा उच्च स्तरास पोहोचण्यापूर्वीच थांबतात. त्यामुळे या टप्प्याचा अनुभव असलेले सूत्रधार थोडे, अनुभव नाही म्हणून चांगला खेळ विरळा आणि खेळ विरळा म्हणून प्रकाशित साहित्यही अपुरे, असे चक्र निर्माण झाले आहे.

ज्या मोहिमा या टप्प्यास पोहोचतात, त्यांत खेळाडूंच्या आयुष्याचीही काही वर्षे गुंतलेली असतात. म्हणून अशा मोहिमेस योग्य वेळी समाप्ती देणे हे सूत्रधाराचे अखेरचे व कदाचित सर्वांत अवघड काम मानले जाते. २०२४ मध्ये सुधारून निघालेल्या नियमग्रंथात एकोणिसाव्या स्तरावर प्रत्येक पात्रास एक असामान्य वरदान देण्याची तरतूद आहे. वरदानाचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे मात्र नियम सांगत नाहीत. ते खेळाडूंवर व त्यांच्या सूत्रधारावर सोपविलेले आहे.